दिगंतभेदिनीचा पहिला गोळा

"आणि तोंड वळवता येत नाही तिचं?"

"नाही, उस्ताद."

"थोडंसुद्धा?"

"चुन्यात आणि शिशात बसवली आहे. आधी तोफ ठेवली, मग तिच्याभोवती बुरूज बांधला. आता तिला वळवायचं तर किल्ला वळवावा लागेल."

म्हाताऱ्या फकिराच्या मांडीवर शेळीचा पाय होता. खुरात काटा रुतला होता. तो काढता काढता तो शेळीला म्हणाला, "ऐकलंस का? ती वळत नाही. तूच वळ."

शेळी ओरडली. रुद्राजी दारोगा हसला नाही.

हा रुद्राजी म्हणजे सोनखाडीच्या राजांच्या तोफखान्याचा प्रमुख. पायात चढाव, कमरेला रुपेरी मुठीची तलवार आणि चेहऱ्यावर अशी काळजी, की पगडीलाही ती जड व्हावी. आणि हा फकीर म्हणजे लतीफशा. एके काळी सोनखाडीचा सगळ्यात मोठा गोलंदाज तोच. रुद्राजीला बत्ती धरायला शिकवलं ते यानेच. तोफांनी त्याचे दोन्ही कान केव्हाच नेले होते. समोरच्याच्या ओठांवरून तो बोलणं ओळखायचा, आणि ऐकायचं नसलं की डोळे मिटून घ्यायचा. अशा माणसाशी वाद घालणं अवघड असतं.

दोघं बसले होते ते करंजट बेटावर. समोर समुद्राची पट्टी, पट्टीपलीकडे सोनखाडीचा किल्ला, आणि किल्ल्याच्या बुरुजातून बाहेर आलेलं एक काळं तोंड. ते तोंड नेमकं इकडेच बघत होतं.

सोनखाडीचं राज्य पूर्वी एवढंसं होतं. किल्ल्याच्या दारावर पहारेकरी झोपायचा आणि त्याच्या उशाशी शेजारच्या राज्यातल्या म्हशी येऊन रवंथ करायच्या. आरमार म्हणजे तीन होड्या. त्यातल्या दोन आलटून पालटून बुडत.

मग नवे महाराज आले. त्यांनी खाडीच्या तोंडाशी एक चौकी बसवली. चौकीचं रक्षण व्हावं म्हणून पुढच्या खडकावर दुसरी. त्या चौकीला पाणी पुरवायला पलीकडच्या बेटावर विहीर, विहिरीच्या रक्षणाला गलबतं, गलबतांना उभं राहायला आणखी पलीकडे बंदर. परदेशातून ओतारी आले, सुतार आले, दूरबिणी आल्या. गलबतांच्या पोटाला तांब्याचे पत्रे लागले. राज्याचा नकाशा दरबारात मावेना, तेव्हा दरबाराची पूर्वेकडची भिंत पाडली. तरी नकाशाचं एक टोक बागेत जायचं आणि माळी त्यावर पाणी शिंपडायचा. म्हणून काही वर्षं दक्षिणेकडच्या बंदरांची नावं कुणालाच धड वाचता येत नव्हती.

या सगळ्याचा कळस म्हणजे ती तोफ. नाव ठेवायला पंडित बसवले होते. त्यांनी ठेवलं 'दिगंतभेदिनी'. गोलंदाज तिला 'लांबडी' म्हणत. ती इतकी लांब होती, की तोंडाशी पाऊस पडत असला तरी मागे बत्ती धरणाऱ्याच्या डोक्यावर ऊन असे. आणि ती ओतायला इतका काळ लागला, की साचा घातला त्या दिवशी लोहाराच्या मुलीचं बारसं होतं आणि साचा फोडला त्या दिवशी तिला मागणी आली.

तोफ ओतायला घेतली तेव्हा करंजट शत्रूचं होतं.

पण फौज काही तोफेसाठी थांबली नाही. एका सकाळी नवी गलबतं करंजटला लागली. बेटावरची माणसं मासे मारायला गेली होती. परत आली तेव्हा ती सोनखाडीची रयत झाली होती. किनाऱ्यावर निशाण बघून त्यांनी एकमेकांना विचारलं, आज कुणाचं लग्न आहे?

"म्हणजे," लतीफशा म्हणाला, "तोफ आपली, तिच्या तोंडासमोरचं बेट आपलं."

"होय."

"बेटाच्या मागे?"

"मागे आपलं आरमार. त्याच्या मागे नवी चौकी."

"आणि शत्रू?"

रुद्राजीने मिशीवरून हात फिरवला.

"शत्रू... पल्ल्याबाहेर आहे, उस्ताद."

"मग पल्ला कमी पडला."

"तेच महाराज म्हणाले. दुसरी ओतायला घेतली आहे."

काटा निघाला. लतीफशाने तो दोन बोटांत धरून उन्हात बघितला आणि समुद्रात टाकला.

"तुझं काम सांग, रुद्रा. सकाळपासून माझ्या अंगणात उभा आहेस, तो काही शेळी बघायला नाही."

रुद्राजी खाली बसला. चढाव काढले. त्याचे शिपाई लांब होडीपाशी उभे होते, तरी त्याने आवाज उतरवला. बहिऱ्यासमोर आवाज उतरवण्यात काही अर्थ नव्हता, पण सवय.

"चार दरबारांचे दूत आले आहेत. महाराज त्यांना लांबडीचा पहिला बार दाखवणार आहेत. परवा सकाळी."

"आणि गोळा?"

"इथे पडणार. करंजटच्या वस्तीवर."

"बेटाच्या त्या टोकाला नुसता कातळ आहे. तिकडे टाका."

"ती वळत नाही, उस्ताद. आणि वळली असती तरी... रिकाम्या कातळावर गोळा पडला तर बघणाऱ्याला काय दिसणार? महाराज म्हणतात, घरं हवीत. दूरबिणीतून उडताना दिसली पाहिजेत. माणसं नकोत, तेवढं म्हणाले. माणसं काढून घ्या म्हणाले."

"दयाळू आहेत."

"मी माणसं काढायला आलो. कुणी हलत नाही. म्हणतात, बाबा उठले की आम्ही उठू."

लतीफशाने डोळे मिटले.

रुद्राजी थांबला. त्याला ही रीत ठाऊक होती. लाटा येत होत्या, जात होत्या. शेळीने त्याच्या एका चढावाची चव घेऊन बघितली. मग त्याने हात पुढे करून म्हाताऱ्याच्या गुडघ्याला हलकेच स्पर्श केला, जसा शागीर्द असताना करायचा.

डोळे उघडले.

"उस्ताद, उठा. एक गोळा. तेवढाच. तो पडला की बेट परत त्यांचं. घरं मी बांधून देईन."

"पडत्या टोकाला कोण आहे?"

"काय?"

"माझ्याकडे आलास तेव्हा पहिला हंगाम कुठे घालवलास?"

रुद्राजीने मान खाली घातली. लतीफशाच्या तोफखान्यात नवा पोऱ्या आला, की त्याला तोफेपाशी फिरकूही देत नसत. तो जाई गोळा पडतो त्या बाजूला. तिथे खड्डा असे. खड्ड्यात बसायचं, गोळा डोक्यावरून येताना ऐकायचा, पडला की बाहेर येऊन निशाण दाखवायचं. डावीकडे, उजवीकडे, अलीकडे, पलीकडे. हंगामभर हेच. काही पोरं दुसऱ्याच दिवशी घरी पळायची, आणि लतीफशा त्यांच्या आयांना निरोप धाडायचा, मुलगा हुशार आहे.

"खड्ड्यात," रुद्राजी म्हणाला.

"आता खड्ड्यात कोण आहे?"

"आता कुणी नसतं. ती पद्धत बंद केली. पल्ला एवढा वाढला, की माणूस पाठवायचा, आणायचा, सगळाच खोळंबा. दूरबीण आहे आता."

"दूरबिणीतून धूर दिसतो."

"हिशेब आहे. परदेशी ओताऱ्याने मांडून दिला आहे. एवढी दारू, एवढा उतार, गोळा इथे."

"आधी कधी उडवली आहे?"

"नाही."

"चाचणीला?"

"ओतारी म्हणाला, फार बार झेपणार नाहीत. म्हणून जपून ठेवली."

म्हातारा पहिल्यांदा हसला. त्याला दात फारसे नव्हते, त्यामुळे ते हसणं बघायला बरं वाटत नसे.

"बरं. माणसं ने. मी राहतो."

"उस्ताद..."

"कुणीतरी सांगायला नको का, कुठे पडला ते? तू बत्ती दे. मी खड्डा खणतो. निशाणाला फडकं आहे माझ्याकडे."

"तुम्हाला इथे ठेवून मी बत्ती कशी देऊ?"

"मी तुला खड्ड्यात ठेवून दिली नव्हती?"

तेवढ्यात सुकत घातलेल्या बोंबिलांच्या दोऱ्यांमधून पारूबाय आली. करंजटवर बोलायचं काम तिचं. बाकीचे तिच्या मागे उभे राहून माना हलवत. कडेवर लहानगं होतं, कमरेला कोयती.

"काय ठरलं, दारोगासाहेब? बाबांना काय समजावता? त्यांना ऐकू येत नाय, तुमाला समजत नाय. बरी जोडी जमलीय."

"बाय, परवा इथे गोळा पडणार आहे."

"सांगितलं ना तुमच्या शिपायांनी. गेल्या वर्षी सांगितलं, तुमी आता आमची माणसं झालात. तवा वाटलं, आता तरी कुणी गोळे टाकायचं नाय."

"एकच बार आहे. सगळे परत याल."

"बाबा येतात?"

लतीफशा तिच्या ओठांकडे बघत होता. "मी राहतो, पारू. तुम्ही जा."

"मग आमी पण राहतो." तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "परवा काय, आज पडूदे."

मागच्या माना हलल्या.

लोक फकिराला एवढं का धरून होते, ते सांगायला हवं. हा लतीफशा याच बेटावर गोळे टाकायचा. तेव्हा बेट शत्रूचं होतं. एकदा लढाई थांबल्यावर गोळे कुठे कुठे पडले ते बघायला तो होडीतून इथे आला. सकाळी आला, दुपारपर्यंत फिरला, संध्याकाळी होडी परत पाठवली. तो गेलाच नाही. त्याने काय बघितलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि बेटावरच्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांची पडलेली विहीर त्याने एकट्याने उपसली. त्यात किती काळ गेला याबद्दल बेटावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही खोटी वाटावीत इतकी मोठी.

रुद्राजी उठला. पुन्हा चढाव घातले. आता तो शागीर्द दिसत नव्हता.

"उस्ताद, माझ्याकडे बघा. तुम्ही बसलात तर हे बसतील. हे बसले तरी परवा बार होणार आहे. दूत आले आहेत. शामियाना लागला आहे. बार झाला नाही तर माझं डोकं जाईल, आणि माझ्या जागी येईल तो बत्ती देईल. मग मीच देतो."

"आम्ही इथे असताना?"

"होय."

"ही पोरं असताना?"

...

"होय, उस्ताद."

लतीफशाने कितीतरी वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठांकडे नाही. ते वाचून झाले होते. डोळ्यांकडे बघत होता, तिथे दुसरं काही लिहिलेलं सापडतं का ते.

मग तो गुडघ्यावर हात ठेवून उठला.

"चला," तो पारूबायला म्हणाला. "हा देईल."

बेट रिकामं व्हायला फार वेळ लागला नाही. मासे मारणाऱ्या माणसांना पटकन आवरता येतं. पारूबायने दोरीवरचे कपडे मात्र काढले नाहीत. रुद्राजीने विचारलं तेव्हा म्हणाली, "ओले हायत."

परवाची सकाळ उजाडली.

शामियान्यात महाराज बसले होते. शेजारी चार दूत. चौघांसमोर चार दूरबिणी, आणि चारही करंजटच्या वस्तीवर लावून पक्क्या केलेल्या, म्हणजे पाहुण्यांना मान वळवायचे कष्ट नकोत. उत्तरेच्या दूताला सर्दी झाली होती. दक्षिणेचा दूत सारखा हसत होता. हसणाऱ्या दूताला सगळे जास्त घाबरतात, हे त्याला माहीत होतं.

पहिली बत्ती देताना उस्ताद शेजारी असावा, अशी सोनखाडीच्या गोलंदाजांची जुनी रीत. नव्या तोफखान्यात एवढी एक रीत उरली होती. म्हणून लतीफशाला बुरुजावर उभं केलं होतं. तोफेकडे पाठ करून तो समुद्राकडे बघत होता.

रुद्राजीने स्वतः दारू मोजली. स्वतः गोळा ढकलला. तो गोळा उचलायला आठ माणसं लागली आणि ती आठ मोजायला नववा. मग त्याने तोफेच्या कानाला बत्ती लावली.

त्या आवाजाबद्दल सांगू नये हे बरं. तीन गावच्या कोंबड्यांनी त्या दिवसापासून अंडी घालायची सोडली एवढं सांगतो. आणि बहिरा लतीफशा दचकून मागे वळला.

मग धूर.

धूर असा, की महाराजांना स्वतःची मांडी दिसेना. भर सकाळी वटवाघळं बाहेर पडली. हुजऱ्याने चुकून उत्तरेच्या दूताच्या हातात महाराजांचा विडा दिला आणि त्याने तो खाल्ला. सगळे दूरबिणीला डोळा लावून बसले, आणि दूरबिणीत जवळ आणलेला धूर दिसत होता.

तो निवळला तेव्हा ऊन चढलं होतं.

करंजटची वस्ती जिथल्या तिथे होती. एक कौल हललं नव्हतं. पारूबायचे कपडे दोरीवर वाळत होते. मधल्या समुद्रावर एकही वर्तुळ नव्हतं. असलं तरी आता ते मिटलं होतं.

महाराजांनी मांडीवरची शाल सारखी केली.

"दारोगा," महाराज म्हणाले. आवाज गोड होता. "गोळा कुठे पडला?"

रुद्राजी बुरुजावरून खाली बघत होता. घाम त्याच्या मिशीवरून टपकत होता. ज्याने सांगायचं, तो पडत्या टोकाला नव्हताच. रुद्राजीनेच त्याला उठवून आणलं होतं. लतीफशा आता त्याच्या शेजारी उभा होता आणि त्याच्या ओठांकडे बघत होता.

"दारोगा..."

"पलीकडे, महाराज."

"बेटाच्या?"

"दिसण्याच्या पलीकडे."

...

दक्षिणेच्या दूताचं हसणं थांबलं.

महाराजांनी हळूहळू मान वळवून चारही पाहुण्यांकडे बघितलं. उत्तरेच्या दूताने दूरबिणीवरून डोळा काढला आणि घाईघाईने एक नमस्कार केला. बाकीच्या तिघांनीही केला. त्या दिवशी सोनखाडीत साखर वाटली. रुद्राजीला हत्ती मिळाला. हत्तीला काय खायला घालतात हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो हत्ती बरेच दिवस उपाशी राहिला.

संध्याकाळी रुद्राजीने गुपचूप होड्या पाठवल्या. करंजटवर खळगा नव्हता. आरमारातल्या खलाशांनी काही पडताना बघितलं नव्हतं. पलीकडच्या चौकीवरचा शिपाई म्हणाला, आवाज झाला तेव्हा आम्ही सगळे आडवे झालो होतो, साहेब, वर कोण बघतो. शेवटी रुद्राजीने लांबडीच्या नळीत गज घालून बघितला. नळी रिकामी होती.

चार दूत चार दिशांना गेले. प्रत्येकाला आपल्या दरबारात सांगायचं होतं, की त्याने काय बघितलं. काहीच बघितलं नव्हतं, त्यामुळे सांगायला मर्यादा राहिली नाही. पहिल्या दरबारात गोळा क्षितिजाच्या मागे गेला. दुसऱ्या दरबारात तो दुसऱ्या दिवशीही दिसत होता. तिसऱ्या दरबारातल्या लोकांनी राजवाड्याच्या गच्चीवर झोपणं बंद केलं.

महाराज खूश होते. शाली आल्या, घोडे आले, चौथ्या दरबारच्या राजाने आपलं एक बंदर न मागता देऊन टाकलं. नकाशाला आणखी कापड जोडलं. माळ्याची बाग संपली.

मग शाली यायच्या थांबल्या.

एका संध्याकाळी रुद्राजी तटावर उभा असताना त्याला उत्तरेकडे आभाळ तांबडं दिसलं. वणवा असेल, त्याला वाटलं. काही दिवसांनी दक्षिणेकडेही तांबडं झालं. मग डोंगरापलीकडे. वणवा पावसात विझतो. हे विझेना.

हेर आले. भट्ट्या आहेत म्हणाले. ओतारी तेच आहेत, आपल्याकडचं काम संपल्यावर तिकडे गेलेले. तोफा तशाच, चुन्यात आणि शिशात बसवायच्या. लांबडीपेक्षा लांब.

"तोंड कुठे?" रुद्राजीने विचारलं.

"करंजटकडे, साहेब. तिन्ही. दूतांनी आपल्याकडचं तेवढं एकच ठिकाण नीट बघितलं होतं."

रुद्राजी महाराजांकडे गेला. महाराज नकाशावर रांगत होते, कारण आता तो तसाच बघता येत असे.

"करंजट रिकामं आहे अजून?" महाराजांनी वर न बघता विचारलं.

"होय, महाराज."

"का? रिकामं बेट कुणीही घेईल. त्या लोकांना परत पाठव. राहू देत. माणसं राहत असली की बेट आपलं दिसतं."

"महाराज, तिकडे आता..."

"तू त्यांना शब्द दिला होतास ना?"

"दिला होता."

"मग पाळ."

बार झाल्यापासून परतीचा हुकूम कुणी काढलाच नव्हता, म्हणून बेटावरची माणसं सोनखाडीच्या पुळणीवर, किनाऱ्यावरच्या वाळूत, पडलेली होती. जुन्या शिडांचे आडोसे केले होते. सरकारी गलबतांच्या वाटेत येतं म्हणून त्यांना किनाऱ्यालगत जाळं टाकू देत नसत, आणि जाळं न टाकणाऱ्या कोळ्याला काय करावं ते कळत नाही. म्हातारी माणसं दिवसभर करंजटकडे बघत बसत. त्यांतली दोन बघता बघता गेली. लतीफशा त्यांच्यातच एका आडोशात राहत होता.

रुद्राजी आला तेव्हा तो नुसता बसला होता.

रुद्राजी चढाव काढून समोर बसला. या वेळी लतीफशाने डोळे मिटले नाहीत.

"उस्ताद, महाराजांचा हुकूम आहे. यांनी घरी जायचं."

"बरं झालं."

"बरं नाही. तुम्हाला त्या भट्ट्या दिसतात ना रात्रीच्या?"

"मी बहिरा आहे, रुद्रा. आंधळा नाही."

"यांना जाऊ नका म्हणालो तर का म्हणून विचारतील. का ते सांगितलं तर महाराजांच्या कानावर जाईल, की त्या तिन्ही दरबारांना भीती मीच घातली. पलीकडे पडला असं मी बोललो. कुणी बघितलं नव्हतं." त्याने मुठीत वाळू धरली. "जा म्हणालो तर..."

लतीफशा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. ओठ थांबले होते.

"ते माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. तेव्हासारखं. तुम्ही उठलात की उठतील, बसलात की बसतील." रुद्राजीने म्हाताऱ्याचे पाय धरले. "काय करू ते तुम्ही ठरवा, उस्ताद. मला ठरवायला लावू नका."

"तेव्हा तू ठरवलं होतंस."

"तेव्हा मला हिशेब येतो असं वाटत होतं."

शिडाचा पडदा हलला. पारूबाय आत आली. बातमी तिच्या आधी पोचली होती. कोयती कमरेला होती, कडेवर पोर नव्हतं. ते कुठे गेलं हे रुद्राजीला माहीत होतं. पुळणीवरच्या तापात गेली त्यात एक तेही होतं. तिच्या मागे बाकीची माणसं गोळा झाली. या वेळी कुणी मान हलवत नव्हतं.

"हुकूम आला म्हणतात. जायचं का घरी?"

रुद्राजी सांगायला पुढे सरकला.

"तुमाला नाय विचारत, दारोगासाहेब." ती फकिरासमोर बसली, चेहरा उजेडात धरला, म्हणजे त्याला ओठ दिसावेत. आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. "बाबा. तुमी खोटं बोलत नाय. ह्यांचा गोळा पडला का? पडून गेला असंल, तर आमी निघतो. आमची घरं तिकडं हायत."

रुद्राजीने म्हाताऱ्याचे पाय सोडले नव्हते. त्याची बोटं घट्ट झाली.

लतीफशाने आधी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या मागच्या माणसांकडे. मग शिडाच्या फटीतून बाहेर, जिथे उत्तरेकडे आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं.

...

"नाही, पारू," तो म्हणाला. "अजून पडायचाय."